जुन्या मोटारींची मोड आणि सरकारी उत्तेजन

डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आळीआळीतून हिंडणारी बोहारीण आमच्या वाचकांच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांस चांगली ठाऊक असेल. जुनी लुगडी, विटलेले सदरे, आखूड झालेले परकर तिला द्यावयाचे आणि त्यांच्या मोबदल्यात एखादे पातेले किंवा परात पदरात पाडून घ्यावयाची, असा हा व्यवहार. तांबटाच्या दुकानीही तीच रीत. चेपलेली घागर किंवा कड्या तुटलेले घंगाळ मोडीत घालावे, वर थोडे पैसे द्यावे आणि नवे भांडे घरी आणावे. जुने देऊन नवे घेण्याचा प्रघात आपल्या समाजात अशा रीतीने फार पूर्वीपासून रुळलेला आहे. परंतु या व्यवहारातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बोहारणीने नेलेले लुगडे जाळून टाकले जात नाही. ते धुऊन, सांधून दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर चढते. अगदीच विरले असेल, तर त्याच्या चिंध्या होऊन कारखान्यातील यंत्रे पुसण्याच्या कामी येतात. म्हणजे एकाला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या गरजेला पुरते आणि तिचा जीव संपेपर्यंत ती राबते.

मोटारगाड्यांच्या बाबतीत हाच व्यवहार जेव्हा सरकार स्वतः मध्ये पडून घडवून आणते, तेव्हा मात्र त्याचे स्वरूप पालटते. जुनी मोटार आणून द्या, ती कायमची मोडून टाकली जाईल आणि नव्या मोटारीच्या खरेदीत तुम्हांस सवलत मिळेल, असे या योजनेचे थोडक्यात सूत्र आहे. ऐकावयास ते गोड वाटते. हवा शुद्ध होईल, कारखाने चालतील, घरात नवी गाडी येईल. मग यात वावगे ते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. या प्रश्नाची दुसरी बाजू आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आपल्या देशातील योजना समजून घेऊ. १ फेब्रुवारी २०२१ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुनी वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याच्या धोरणाची घोषणा झाली. १८ मार्च २०२१ रोजी रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी लोकसभेत त्याची रूपरेषा सांगितली. पुढे १३ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच गुजरात राज्यात, गांधीनगर येथे भरलेल्या गुंतवणूकदारांच्या परिषदेत पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनी दिल्लीहून भाषण करून या धोरणाचा आरंभ केला. भावनगरजवळील अलंग येथे १९८३ सालापासून जुनी जहाजे तोडण्याचा धंदा चालत आला आहे. त्याच अलंगला मोटारी मोडण्याचेही मोठे केंद्र होता येईल, अशी आशा त्या प्रसंगी व्यक्त करण्यात आली. तेव्हा हा विषय आपल्या गुजरातच्या अगदी अंगणातला आहे.

मंत्रिमहाशयांच्या निवेदनाप्रमाणे त्या वेळी देशात वीस वर्षांहून जुनी अशी ५१ लक्ष हलकी वाहने होती, पंधरा वर्षांहून जुनी अशी ३४ लक्ष हलकी वाहने होती आणि योग्यता-प्रमाणपत्रावाचून फिरणारी, पंधरा वर्षांहून जुनी अशी १७ लक्ष मध्यम व अवजड वाहने होती. योग्यता-प्रमाणपत्र म्हणजे ज्यास आपण बोलण्यात गाडीचे ‘पासिंग’ म्हणतो ते. नव्या धोरणानुसार धंद्याच्या गाडीची १५ वर्षांनंतर व घरगुती गाडीची २० वर्षांनंतर यंत्रांच्या साहाय्याने कसून तपासणी व्हावी आणि जी गाडी तीत उतरणार नाही तिची नोंदणी रद्द व्हावी, असे ठरले. जो मालक आपली गाडी सरकारमान्य केंद्रात मोडीत देईल, त्यास नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के इतके भंगाराचे मोल मिळावे. मोडीचा दाखला दाखविल्यावर नव्या घरगुती गाडीच्या रस्ता-करात २५ टक्क्यांपर्यंत व धंद्याच्या गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळावी. नोंदणीची फी माफ व्हावी. आणि कारखानदारांनीही किमतीत ५ टक्के सवलत द्यावी, असा त्यातील उत्तेजनाचा भाग होता.

उत्तेजनाच्या जोडीला धाकही आला. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घेण्यास पूर्वी ६०० रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हीच फी १०,००० रुपयांवर नेण्यात आली. एका हाताने खाऊ दाखवावा आणि दुसऱ्या हातात छडी धरावी, तसा हा प्रकार आहे.

योजनेमागील हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जुने इंजिन अधिक धूर ओकते, जुन्या गाडीस सुरक्षिततेची नवी साधने नसतात, गल्लीबोळांत मोटारी फोडताना तेल व बॅटरीतील तेजाब जमिनीत मुरते, या गोष्टी खऱ्या आहेत. सरकारमान्य केंद्रात हे पदार्थ वेगळे काढून घेतले जातात, हा लाभ लहान नव्हे. परंतु हेतू चांगला असला म्हणजे उपाय चांगला असतोच असे नाही. औषध कडू असले तरी चालेल, पण ते त्याच रोगावरचे असले पाहिजे. म्हणून हा उपाय जेथे जेथे आधी योजिला गेला तेथे काय घडले, ते पाहणे अगत्याचे आहे.

२००८ साली जगातील अनेक देशांवर आर्थिक मंदीचे संकट कोसळले. मोटारींचे कारखाने ओस पडू लागले. तेव्हा अमेरिकेच्या सरकारने २००९ सालच्या उन्हाळ्यात एक योजना काढली. जुनी, फार पेट्रोल खाणारी गाडी देऊन कमी पेट्रोल खाणारी नवी गाडी घेणाऱ्यास ३,५०० किंवा ४,५०० डॉलर मिळू लागले. लोकांची अशी झुंबड उडाली की, पहिले १०० कोटी डॉलर जवळजवळ एका आठवड्यात संपले. आणखी २०० कोटी मंजूर करावे लागले आणि ऑगस्ट महिना संपण्यापूर्वीच योजना आटोपली. तेवढ्या अवधीत सुमारे ६ लक्ष ८० हजार जुन्या गाड्या जमा झाल्या. त्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्यांच्या इंजिनांत तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून इंजिने चालू करीत. द्रावण तापून काचेसारखे घट्ट होई आणि चालते इंजिन काही मिनिटांत कायमचे जखडून बसे. यांतील कित्येक गाड्या स्वतःच्या चाकांवर चालत तेथवर आल्या होत्या, हे विसरता कामा नये.

इतके करून साधले काय? अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियां व अमीर सूफी यांनी अमेरिकेतील निरनिराळ्या नगरांतील विक्रीचे आकडे ताडून पाहिले. योजनेच्या दोन महिन्यांत साडेतीन लक्षांहून अधिक गाड्या जास्तीच्या विकल्या गेल्या, हे त्यांना आढळले. पण पुढील महिन्यांत विक्री तितकीच खाली आली आणि मार्च २०१० पर्यंत ही सारी वाढ जवळजवळ पुसली गेली. ज्यांना चार-सहा महिन्यांनी गाडी घ्यावयाचीच होती, त्यांनी ती आधी घेतली, एवढाच याचा अर्थ. टेक्सासमधील मार्क होएक्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. योजनेच्या अटीमुळे लोकांनी लहान व स्वस्त गाड्या निवडल्या. त्यामुळे वर्षभराचा हिशेब मांडता नव्या मोटारींवरील लोकांचा एकूण खर्च वाढण्याऐवजी घटलाच. ज्या कारखानदारांना हात देण्यासाठी हा खटाटोप केला, त्यांच्याच गल्ल्यात कमी पैसे पडले.

जर्मनीत त्याच वर्षी नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्यास २,५०० युरो मिळत. त्यापायी ५०० कोटी युरो खर्च झाले आणि सुमारे २० लक्ष गाड्या मोडीत निघाल्या. २००९ साली त्या देशात नव्या मोटारींची विक्री ३८ लक्षांवर गेली. दुसऱ्याच वर्षी ती २९ लक्षांवर उतरली. उद्याचे जेवण आज जेवले, तर उद्या उपास घडणारच. सरकारी उत्तेजनाचा हा पहिला दोष होय. ते मागणी निर्माण करीत नाही. पुढच्या दिवसांची मागणी उसनी आणते.

दुसरा दोष समजण्यासाठी एका जुन्या दृष्टांताचा आधार घेऊ. फ्रान्समधील अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक बास्तिया याने १८५० साली तो सांगितला. एका दुकानदाराच्या मुलाने खिडकीची काच फोडली. जमलेले लोक म्हणाले, ‘झाले ते बरेच झाले, काचवाल्याला काम मिळाले.’ बास्तिया म्हणतो, काचवाल्याला मिळालेले सहा फ्रँक दिसतात. पण त्याच सहा फ्रँकांतून दुकानदार नवे जोडे किंवा पुस्तक घेणार होता, ते मात्र दिसत नाही. काच फुटली नसती तर त्याच्यापाशी काचही राहिली असती आणि जोडेही आले असते. आपल्याकडे यालाच दृष्टीआड सृष्टी म्हणतात. चालत्या इंजिनात काचेचे द्रावण ओतणे आणि धड खिडकीची काच फोडणे यांत तत्त्वतः काय अंतर आहे? नवी गाडी विकली गेली, ही गोष्ट दिसते. जुन्या गाडीत उरलेली चार-पाच वर्षांची चाकरी नष्ट झाली आणि तिच्या जागी नव्या गाडीसाठी घातलेला पैसा घरातील शिक्षण, औषधपाणी किंवा घरदुरुस्ती यांतून कमी झाला, हे दिसत नाही.

तिसरा प्रश्न असा की, हे उत्तेजन पडते कोणाच्या पदरात? एक लहानसा हिशेब करून पाहू. समजा, नव्या गाडीची किंमत ६,००,००० रुपये आहे. ४ ते ६ टक्के म्हणजे भंगाराचे २४,००० ते ३६,००० रुपये मिळतील. रस्ता-कर ३६,००० धरला तर त्यातील चौथाई सूट म्हणजे ९,००० रुपये. कारखानदारांनी ५ टक्के द्यावे असे सरकारचे सांगणे होते. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी मोटारींसाठी जे एक वर्षापुरते मान्य केले, ते किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढेच. दीड टक्का म्हणजे ९,००० रुपये. सारे मिळून झाले ४२,००० ते ५४,००० रुपये. ते पदरात पाडून घेण्यासाठी साडेपाच लक्षांची तजवीज करावयाची. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण येथे कोणास आठवली तर नवल नाही. ज्याच्याजवळ साडेपाच लक्ष आहेत किंवा ज्यास बँक तितके कर्ज देते, त्यास ही सूट मिळते. आणि असा मनुष्य बहुधा सवलतीवाचूनही गाडी घेणारच असतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याच्या हाती भंगाराचे पैसे आणि फार तर दाखला दुसऱ्यास विकून येईल ती रक्कम राहते. वस्तुतः चालत्या स्थितीतील पंधरा वर्षांची गाडी बाजारात विकली तर अनेकदा भंगारापेक्षा अधिक मोल येते. मग तो ती मोडीत का देईल? सुटीपायी सरकारी तिजोरीत कमी पडणारा कर मात्र सर्वांचा आहे. ज्याने जन्मात मोटार घेतली नाही व जो बसने किंवा सायकलीने कामावर जातो, त्याचाही त्यात वाटा असतो.

आता आपल्या मकरपुऱ्याकडे वळू. येथील औद्योगिक वसाहतीत सकाळी उभे राहून पाहिले तर वाहनांची एक शिडीच दिसते. वरच्या पायरीवर कारखान्याच्या मालकाची नवी कोरी गाडी. तिच्याखाली कोणीतरी आठ वर्षे वापरून विकलेली, आता व्यवस्थापकाच्या घरी असलेली गाडी. त्याखाली तिसऱ्या मालकाच्या हातातील व्हॅन, लोखंडाच्या सळया व पिंपे वाहणारा टेंपो, जॉबवर्कचा माल पोचविणारा ‘छोटा हत्ती’. ज्यास लोक छोटा हत्ती म्हणतात तो टाटांचा एस टेंपो २००५ साली बाजारात आला. म्हणजे त्या वर्षीच्या गाड्यांची पंधरा वर्षे २०२० सालीच भरली. नवा टेंपो घेण्याची ऐपत नसलेल्या मनुष्याने असा जुना टेंपो घ्यावा, दोन वर्षे राबावे आणि थोडे पैसे गाठीस जोडून वरच्या पायरीवर पाय ठेवावा, ही येथील चढणीची रीत आहे. जुन्या गाड्या घाऊक प्रमाणात मोडीत निघाल्या म्हणजे या शिडीची सर्वांत खालची पायरीच काढून घेतली जाते. जुनी गाडी दुर्मिळ झाली की तिची किंमत चढते आणि ती चढलेली किंमत भरावी लागते ती सर्वांत कमी मिळकतीच्या कुटुंबास.

याच शिडीच्या आधाराने आणखीही कित्येक घरे उभी असतात. जुनी गाडी म्हटली की तिला मिस्त्री लागतो, वेल्डर लागतो, रेडिएटर सांधणारा, गादी शिवणारा, वायरिंग करणारा लागतो. नव्या गाड्यांत संगणकाचा भाग वाढल्यामुळे त्या पहिली काही वर्षे कंपनीच्या सर्व्हिस सेंटराकडेच जातात. नाक्यावरच्या गॅरेजमधील पोरसवदा शिकाऊ ज्या जुन्या इंजिनावर आपले हात तयार करतो, ते इंजिन त्याची शाळाच असते. शिवाय मोडलेल्या गाडीतील चालू सुटे भाग स्वस्तात मिळतात म्हणून तर दुसरी जुनी गाडी चालते. अमेरिकेच्या योजनेत गाडीचे इतर भाग काढून विकण्यास मुभा होती. पण सर्वांत मोलाचा भाग जे इंजिन, तेच निकामी केले गेले.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे खरे, पण हवेच्या शुद्धीसाठी एवढी झीज सोसली पाहिजे.’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घेऊन पुढील गणित करून पाहावे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड वायू हवेत जातो. एका कुटुंबाची जुनी गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते व वर्षाकाठी ५,००० किलोमीटर फिरते. तिला ३३३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला २० किलोमीटर चालणाऱ्या नव्या गाडीस २५० लिटर पुरतील. बचत झाली ८३ लिटर, म्हणजे सुमारे १९० किलोग्रॅम वायू. उलटपक्षी, खाणीतून लोखंड काढण्यापासून रंग देण्यापर्यंत नवी मोटार घडविताना कित्येक टन वायू हवेत जातो. लहान गाडीसाठी तो ५ टन धरू. ५,००० किलोग्रॅमला १९० ने भागा. उत्तर येते २६ वर्षे! म्हणजे घडणीत झालेले नुकसान भरून येण्यापूर्वीच ती नवी गाडी जुनी होऊन पुन्हा मोडीच्या दारात उभी राहील.

आता हेच गणित एका टॅक्सीचे करा. ती वर्षाला ६०,००० किलोमीटर धावते. जुन्या गाडीला ४,००० लिटर, नवीला ३,००० लिटर. बचत १,००० लिटरची, म्हणजे २,३०० किलोग्रॅम वायूची. ५ टनांची भरपाई दोन वर्षांच्या थोड्या पुढे होऊन जाते. दोन्ही गाड्या एकाच वयाच्या. पण एक बदलणे शहाणपणाचे, तर दुसरी बदलणे तोट्याचे. फरक कशाने पडला? वयाने नव्हे, चालीने. सरकारी सवलत मात्र ‘गाडी किती वर्षांची?’ एवढेच विचारते. ‘ती किती चालते?’ हे विचारीत नाही.

कार्बन डायॉक्साइड हा एकच वायू नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. काजळी, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे हे फुप्फुसांचे खरे शत्रू. त्यांच्या बाबतीत जुनी इंजिने निःसंशय अधिक दोषी आहेत. आपल्याकडे धुराच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत गेल्या, बी.एस.-४ हे मान १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून एकदम बी.एस.-६ आले. त्यापूर्वीची डिझेल गाडी गर्दीच्या रस्त्यावर दिवसभर धावत असेल तर ती बदललीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, दोष धुराचा असेल तर मोजमाप धुराचे व्हावे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होऊ नये. निगा राखलेली, महिन्यातून चार दिवस निघणारी जुनी गाडी आणि चार वर्षांतच आबाळ झालेला, काळा धूर सोडणारा ट्रक यांत हवेचा अपराधी कोण, हे जन्मतारखेवरून कसे ठरणार?

दिल्लीतील घटनांवरून हीच गोष्ट पटते. तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना व पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधन मिळू नये असा हुकूम निघाला. लोकांत एवढा गहजब झाला की, थोड्याच दिवसांत तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्ती करू नये असे सांगितले. डिसेंबरात हे संरक्षण बी.एस.-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवण्यात आले. म्हणजे फिरून फिरून विचार वयावरून धुराच्या मानाकडेच आला.

वय हा न्याय्य निकष नव्हे, याचे आणखी एक उदाहरण आपल्या वडोदऱ्यातच घडले. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. देशोदेशींच्या पन्नास-साठ, कित्येक तर ऐंशी-नव्वद वर्षांच्या गाड्या तेथे झळाळत उभ्या होत्या आणि लोक कौतुकाने त्या पाहत होते. पन्नास वर्षांहून जुन्या अशा गाड्यांसाठी सरकारने २०२१ सालापासून स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. ती योग्यच आहे. तो इतिहासाचा ठेवा होय. परंतु धनिकाची जुनी गाडी ठेवा ठरते आणि गरिबाची जुनी गाडी भंगार ठरते, याचा विचार सुज्ञांनी अवश्य करावा.

मग हवा सुधारण्यास दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो मुंबईने दाखविला आहे. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी हे त्या नगरीचे एके काळी भूषण होते. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या टॅक्सी पेट्रोल-डिझेल सोडून सी.एन.जी.वर धावू लागल्या. गाडी तीच, मालक तोच, मिस्त्री तोच. इंधन तेवढे बदलले आणि धूर घटला. पुढे टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. दिवसभर धावणाऱ्या गाडीस अशी मर्यादा असावी, हे आपल्या वरील गणिताशी जुळतेच. पण त्या मर्यादेपूर्वी जवळजवळ दोन दशके इंधनबदलाने जे साधले, ते गाड्या न मोडता साधले.

आमच्या कोकण-गोव्याकडे माडाची निगा पिढ्यानपिढ्या राखतात. माडाचे वय पाहून कोणी त्यावर कुऱ्हाड घालीत नाही. तो नारळ धरतो की नाही, हे पाहतात. आणि जेव्हा तो तोडण्याची वेळ येते, तेव्हाही खोडाचा वासा होतो, झावळ्यांची झापे होतात, सोडणाचा काथ्या होतो. जुन्या वाहनांच्या धोरणातही हीच दृष्टी असावी, असे आम्हांस वाटते. तपासणी कडक व प्रामाणिक असावी. धूर, ब्रेक व सुकाणू यांत जी गाडी उतरणार नाही ती नवी असली तरी थांबवावी, आणि जी उतरेल ती जुनी म्हणून छळू नये. सरकारला पैसा द्यावयाचाच असेल, तर तो आधी त्या गाड्यांसाठी द्यावा, ज्या दिवसभर गर्दीत धावतात: रिक्षा, टेंपो, बसगाड्या. जो मनुष्य जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेत नाही व बसने जाऊ लागतो, त्याने तर हवेची सर्वांत मोठी सेवा केली; त्यास वर्षभराचा बसचा पास का देऊ नये? १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या व परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या वयामुळेच नोंदणीतून बाद होऊ लागल्या. त्यांच्या जागी तितक्याच नव्या बसगाड्या वेळेवर आल्या नाहीत, तर खेड्यातील मुलांच्या शाळेची वाट बंद होते, हे तिजोरी सांभाळणाऱ्यांनी विसरू नये.

आमच्या विद्यार्थ्यांनी या सुटीत एक काम करावे. आपल्या घरी किंवा शेजारी असलेल्या एखाद्या जुन्या वाहनाविषयी तीन गोष्टी विचारून वहीत लिहाव्या: ते वर्षाकाठी किती किलोमीटर चालते, लिटरला किती अंतर जाते, आणि त्याच्या पी.यू.सी.च्या दाखल्यावर धुराचे आकडे काय आहेत. मग वर दिलेले गणित त्या आकड्यांनी करून पाहावे. काही गाड्यांच्या बाबतीत ‘ही लवकर बदलावी’ असे उत्तर येईल, तर काहींच्या बाबतीत ‘ही आणखी काही वर्षे वापरावी’ असे येईल. जे उत्तर येईल ते घरच्या मंडळींना समजावून सांगावे. सवलतीच्या जाहिरातीत हे गणित छापलेले नसते. ते ज्याचे त्यालाच करावे लागते.